अंगणातल्या ढिगाची पैज

५ एप्रिल, रविवार

ढीग दोन मीटर वीस. माझ्या बायकोच्या, हेल्वीच्या, जुन्या स्कीच्या काठीवर खुणा करून मोजला. काठी कमी पडली, वरचं अंदाजाने धरलं. आज ईस्टर — आणि बाहेर उणे नऊ!

असा हिवाळा मी तरी पाहिला नाही, आणि मी काही कमी हिवाळे पाहिलेले नाहीत. जानेवारीत तीन आठवडे पारा उणे तिसाच्या वर यायलाच तयार नव्हता. फेब्रुवारीत नुसता बर्फ. बाजूला लोटायला जागा उरली नाही, म्हणून सहाही घरांचा बर्फ अंगणाच्या मधोमध आणून टाकला. आता तिथे डोंगर झालाय. माझ्या खिडकीतून समोरचं तैस्तोचं घर दिसायचं. आता फक्त छप्पर दिसतं आणि धुराडं. धूर नाही.

९ एप्रिल, गुरुवार

मेर्वीचा फोन. तैस्तोची मुलगी, ओउलू शहरात असते. बाबा अजून वॉर्डातच आहेत म्हणाली. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात हलत नाही, उजवा पाय हलत नाही, बोलणं नाही. "पण ऐकतात सगळं, आर्वो. एकदा जाऊन या ना तुम्ही. चाळीस किलोमीटर तर आहे."

मी म्हणालो, रस्ते अजून निसरडे आहेत.

तीस वर्षं रस्त्यांवरचा बर्फ हटवायची गाडी चालवलेला माणूस हे बोलला.  मेर्वी म्हणाली, "बरं. आणि ढीग किती राहिलाय?"

म्हणजे पैजेचं त्याने तिला आधीच सांगितलेलं आहे.

१० एप्रिल, शुक्रवार

पैज एक मार्चला लागली, दरवर्षीसारखी, पत्रांच्या पेट्यांपाशी. तो म्हणाला, वीस मे. मी म्हणालो, चार जून. हात मिळवला आणि आपापल्या घरी.

नियम नऊ वर्षं तेच. ढिगातला शेवटचा चमचाभर बर्फ ज्या दिवशी जाईल, ज्याचा अंदाज त्या दिवसाच्या जवळ, तो जिंकला. ढिगाला कोणी हात लावायचा नाही. हरणाऱ्याने कॉफी करायची, वेलचीचा गोड पाव भाजायचा. जिंकणाऱ्याने त्याच्या घरी जाऊन टेबलाशी बसायचं आणि खायचं.

नऊच्या नऊ वर्षं मीच जिंकलोय. बर्फ मला कळतो. तैस्तोचा जन्म लाकूड गिरणीत गेला, त्याला काय कळणार! दरवर्षी घाईघाईचा अंदाज करतो, दरवर्षी हरतो. पाव मात्र चांगला भाजतो.

वर्षात तेवढ्या एकाच दिवशी मी दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकतो. इथे न बोलावता कोणी कोणाचं दार वाजवत नाही. भेटलो की मान हलवायची, हवेबद्दल एक वाक्य, पुरे. हेल्वी होती तेव्हा तिच्याकडे बायका यायच्या. तिच्यामागे माझ्या टेबलाशी माझ्याखेरीज कोणी बसलेलं नाही.

१९ एप्रिल, रविवार

एक मीटर नव्वद. कडेकडेने जमीन दिसायला लागली. पाच महिन्यांचं काय काय वर येतंय — एक लाल हातमोजा, प्लॅस्टिकची फुटकी घसरगाडी, कुत्र्यांनी हिवाळाभर केलेलं सगळं, आणि शरदातली पानं, भिजून एकमेकांना चिकटलेली. बर्फाच्या ओझ्याने आंबट फळांची झुडपं पार आडवी झाली आहेत. सशाने सफरचंदाच्या झाडाची साल माझ्या कमरेपर्यंत सोलून खाल्ली. बर्फावर उभा राहून खात होता, त्याला शिडीच मिळाली.

पेट्यांपाशी कागद लागलाय. "१६ मे, अंगणसफाईचं श्रमदान. सगळ्यांनी यावं. सॉसेज मिळतील. ढीग फोडून पसरायचा आहे, फावडी आणा. — ईरिस, घर नं. ५."

ही दक्षिणेकडची. शरदात राहायला आली आणि अंगणाचं काम गळ्यात घेतलं, कारण बाकी सगळे खाली बघत होते. मी तिच्या दारापर्यंत गेलो नाही, ती गाडीपाशी आली तेव्हा गाठलं.

"ढिगाला हात लावायचा नाही."

"का हो?"

"पैज आहे."

"कुणाशी?"

"तैस्तोशी."

"पण ते दवाखान्यात आहेत ना?"

"पैज लावली तेव्हा नव्हता."

तिने माझ्याकडे बघितलं, खिशातून पेन काढलं आणि कागदावरची ती ओळ खोडली. बरी दिसते मुलगी.

२६ एप्रिल, रविवार

हे कुठेतरी लिहायलाच हवं. माणसाला सांगता येत नाही तर कागदाला.

सतरा मार्च. सात वाजता पेपर आणायला गेलो. तैस्तोचा पेपर पेटीतच. तो साडेसहाला नेतो, कायम. रात्री बर्फ पडला होता आणि त्याच्या पायऱ्यांवर पावलाची खूण नव्हती. मी घरी आलो, आठला परत गेलो. पेपर तिथेच. वाटलं, झोपला असेल. बरं नसेल, पण बोलावलं नाही ना त्याने. उगाच जाऊन उभं राहायचं, त्याला आवडणार नाही. मग निमित्त हवं म्हणून झाडू घेतला. आधी माझ्या पायऱ्या झाडल्या, मग त्याच्या. अगदी दारापर्यंत गेलो. उंबऱ्यावरचा बर्फही काढला. दार वाजवलं नाही!

दहा वाजता वाजवलं.

चुलीपाशी जमिनीवर पडला होता. डोळे उघडे, शुद्धीवर. पहाटे उठला तेव्हाच पडला असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात एकेक तास मोलाचा असतो. आणि मला म्हणाल्या, बरं झालं तुम्ही गेलात.

म्हणजे दाराबाहेर माझा झाडू चाललेला त्याला ऐकू येत होता.

रस्ते कोरडे होऊन दहा दिवस झाले. निसरड्याचं कारण आता चालणार नाही.

१ मे, शुक्रवार

वसंताच्या सणाच्या दिवशी बर्फमिश्रित पाऊस. पाच नंबरच्या दाराला फुगे बांधलेत. ढीग एक मीटर पंचावन्न. चार जूनला अगदी बरोबर बसतोय. दहाव्या वर्षीही मीच.

३ मे, रविवार

सकाळी ढीग मोजता मोजता लक्षात आलं आणि काठी हातातच राहिली.

मी जिंकलो तर कॉफी त्याने करायची. तो कपसुद्धा धरू शकत नाही. म्हणजे यंदा कॉफी नाही. म्हणजे मी कुठे जाणार नाही, कोणी बोलावणार नाही, पैज तशीच विरून जाईल. पुढच्या मार्चला पेट्यांपाशी मी एकटाच असेन.

पण मी हरलो तर? मग कॉफी माझ्या अंगावर. हरणाऱ्याने कॉफी करायची. तो जिंकला तर, त्याला माझ्याकडे येता येत नाही म्हणून, कॉफी घेऊन मलाच दवाखान्यात जावं लागेल! बोलावण्याचा प्रश्नच येत नाही. तो नियम आहे.

म्हणजे ढीग वीस मेच्या जवळपास जायला हवा. सत्तावीसच्या आत तरी. मला बर्फ कळतो. असाच सोडला तर जात नाही.

६ मे, बुधवार

राख टाकली.

गावाकडे आई टाकायची, भाजीच्या वाफ्यावरचा बर्फ लवकर जावा म्हणून. काळ्यावर ऊन बसतं. वाफेच्या न्हाणीत, सॉनात, भट्टीखाली अर्धी बादली राख होती. पहाटे चारला उजाडतंच, तेव्हा कोणी उठलेलं नसतं. दक्षिणेच्या अंगाला नीट चाळून पसरली. ज्या ढिगाला हात लावू नका म्हणून मी लोकांना दटावतो, त्यालाच. आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली आणि तीही हरण्यासाठी.

९ मे, शनिवार

एक मीटर दहा! राख काम करतेय. पण राख संपली.

सॉना बुधवारी आणि शनिवारी, हा चाळीस वर्षांचा नेम. आता रोज पेटवतो. बाकावर दोन माणसांची जागा आहे. मी अजूनही भिंतीकडच्या बाजूला सरकून बसतो, हेल्वीची जागा सोडून. तापल्या दगडांवर पाणी मीच टाकायचं, पुरे पण मीच म्हणायचं. घाम गाळून बाहेर येतो तो राख उपसायला. कितीही घासली तरी नखं काळीच.

ईरिस विचारत होती, "आर्वो, पाहुणे आलेत का तुमच्याकडे? रोज धूर दिसतो."

म्हटलं, पाठ दुखते.

"आणि तो ढीग एवढा काळा कसा झाला?"

म्हटलं, धूळ.

"इथे कुठली आलीय धूळ?" म्हणाली आणि हसत निघून गेली.

१३ मे, बुधवार

हेल्वीची वही काढली. गोड पाव. "पीठ हाताला चिकटेनासं होईपर्यंत मळावं." किती वेळ, ते लिहिलेलं नाही. तिला लिहायची गरज काय. तिच्या हाताला कळायचं.

पहिला पाव झाडाखाली टाकला. पक्ष्यांनी दोन चोची मारल्या आणि उडून गेले. दुसरा आतून कच्चा. तरी घरभर वेलचीचा वास सुटला. मी स्वयंपाकघरात नुसता उभा राहिलो. नऊ वर्षांनी हा वास या घरात आला आणि खायला कोणी नाही, याचं फार वाईट वाटलं. मग कच्चा पाव मीच खाल्ला.

१६ मे, शनिवार

श्रमदान झालं. आजचं आजच लिहितो.

सकाळी नऊला सगळे फावडी-दाताळी घेऊन हजर. घसरू नये म्हणून हिवाळाभर वाटेवर टाकलेली बारीक खडी झाडून ढीग केले. पानं ओढली, मोडक्या फांद्या एका बाजूला रचल्या. बर्फाने वाकलेला पन्हळ सरळ केला. कोणी फारसं बोलत नव्हतं, पण खराट्यांचा आवाज सगळीकडून येत होता, ते बरं वाटत होतं. एक नंबरच्या राउनीबाई ऐंशीच्या आहेत, खुर्ची टाकून बसल्या आणि सगळ्यांना कामं सांगत होत्या. "आर्वो, पानं ओढतोयस की गोंजारतोयस?" वगैरे.

मेर्वी ओउलूहून आली. बाबांची लाकडाची खोपी आवरायची म्हणाली. घर ठेवायचं की नाही ते अजून ठरत नाही. मला म्हणाली, जरा मदत कराल का. मी गेलो. हे बोलावणं होतं.

खोपीत लाकडं व्यवस्थित रचलेली, तैस्तोसारखीच. मागच्या कोपऱ्यात चार पोती. मला वाटलं बटाटे. तोंड सोडलं तर भुसा. लाकडाचा बारीक, कोरडा भुसा, काठोकाठ.

"एवढा भुसा कशाला?" मेर्वी म्हणाली.

मी मूठभर भुसा हातात घेतला. भुशाने बर्फ झाकला की बर्फ टिकतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आमच्या लहानपणी दुधाच्या डेअरीत अख्खा उन्हाळा बर्फ ठेवायचे, भुशात पुरून. आणि दर एप्रिलला तैस्तो आपला लाकूड ठेवून कापायचा घोडा नेमका ढिगाशेजारी मांडायचा. ढिगावर भुसा उडायचा. मी म्हणायचो, कसला गबाळ्या माणूस, दुसरीकडे जागा नाही का याला!

मेर्वीने दार ओढून घेतलं, मागे काही पडलंय का बघायला. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं. हवेच्या नोंदी असतात तशा, म्हणून ती वाचायला लागली आणि मधेच थांबली. मग मी वाचलं.

नऊ वर्षांच्या नऊ ओळी. मी अमुक, आर्वो तमुक. भुसा दोन पोती. भुसा तीन. एका वर्षी पाच, तो उन्हाळा लवकर आला होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच — "आर्वो जिंकला. कॉफी प्यायला आला." खाली यंदाची ओळ. "मी २० मे. आर्वो ४ जून. भुसा चार आणलाय." पुढे कोरं.

आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीच्याही आधी, बारीक अक्षरात — "हेल्वी गेल्यापासून आर्वो घराबाहेर पडत नाही. नुसतं बोलावलं तर यायचा नाही. पैज लावून बघतो."

मी लाकडांवर बसलो. मेर्वीही बसली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटायचं, मला बर्फ कळतो," मी म्हणालो.

ती हसली आणि रडलीही. मग मी तिला सतरा मार्चचं सांगितलं. सात वाजता काय पाहिलं, झाडू कुठपर्यंत गेला, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे मला नका सांगू. त्यांना सांगा."

रागाने म्हणाली नाही. पण माफ केलं असंही म्हणाली नाही. बरोबर आहे तिचं.

बाहेर आलो तर सगळे सॉसेज भाजत होते. मोहरी, कॉफी, नेहमीचं. मी ढिगापाशी जाऊन उभा राहिलो. ढीग साठ सेंटिमीटर, पण पसरट झालाय, कठीण बर्फ झालाय, हा रेंगाळतो. मी एकट्याने किती सॉना पेटवणार. माझ्या तोंडून आजवर या अंगणात एवढं मोठं वाक्य गेलं नसेल. म्हणालो, "तुमच्याकडे राख असेल तर मला हवी आहे. मला ही पैज हरायची आहे."

सगळे बघायला लागले. राउनीबाई खुर्चीतून म्हणाल्या, "एकदाचा शहाणा झाला! अरे, नऊ वर्षं तो तुझ्यासाठी भुसा उडवतोय, आम्ही सगळे खिडकीतून बघतोय. आणि गेले दहा दिवस पहाटे तू चाळणी घेऊन नाचतोयस, तेही बघतोय. तुम्हा दोघा म्हाताऱ्यांना एक कप कॉफी प्यायला अख्खा हिवाळा लागतो."

"मग सांगायचं नाही का मला?"

"तू विचारलं होतंस?"

चार घरांतून बादल्या आल्या. ईरिसची भट्टी विजेची, तिच्याकडे राख नाही. ती कुंड्यांसाठी आणलेली काळी माती घेऊन आली. "ही चालेल का हो?" चालेल, म्हटलं. काळं असलं की झालं.

१७ मे, रविवार

दिवसभर तेच डोक्यात. नऊ वर्षं मी त्याच्या टेबलाशी बसून फुशारकी मारली. बर्फाला वाचावं लागतं म्हणून त्याला शिकवलं! तो मान हलवायचा. "खरंय आर्वो, मला नाही जमत ते," म्हणायचा, आणि पावाचा दुसरा तुकडा पुढे सरकवायचा.

आणि मी एकदाही म्हणालो नाही, उद्या माझ्याकडे ये. जिंकलेल्याला ते करावं लागत नव्हतं.

२० मे, बुधवार

त्याचा दिवस. तीस सेंटिमीटर. ऊन. तिसरा पाव खाण्याजोगा झाला.

२२ मे, शुक्रवार

पाऊस. चांगला, कोमट पाऊस. खिडकीपाशी बसून होतो. ढिगावरून आता तैस्तोचं दार दिसतं, पायऱ्या दिसतात. आधीच दिसायला लागल्या असतील, मीच तिकडे बघत नव्हतो.

भीती वाटते. त्याने तोंड फिरवलं तर? त्याला तेवढं तर करताच येतं. त्याचा हक्क आहे. तरी जायचं. हरलोय ना.

२४ मे, रविवार

सकाळी साडेआठ. बशीएवढा बर्फ, राखेखाली. राउनीबाई, ईरिस आणि मी उभे. अकराला चमचाभर. सव्वाअकराला नुसतं ओलं.

तैस्तो जिंकला. खोपीत जाऊन दारावर यंदाच्या ओळीपुढे लिहून आलो. त्याचीच पेन्सिल, दोरीला बांधलेली. "२४ मे. राख नऊ बादल्या. तैस्तो जिंकला." पुढची जागा सोडली आहे.

आता पीठ मळतो. चिकटेनासं होईपर्यंत.

२५ मे, सोमवार

गेलो. कॉफी थर्मासात, पाव हेल्वीच्या रुमालात. सतरा मार्चचं सगळं सांगितलं, झाडूसकट. त्याने तोंड फिरवलं नाही. शेवटी म्हटलं, ढीग काल गेला, तू जिंकलास, आणि पाव पुढे केला. त्याने पाव घेतला नाही. डाव्या हाताने माझा हात ओढून जवळ घेतला आणि काळी नखं बघितली. बराच वेळ बघितली. त्याचं तोंड हलायला लागलं. नर्सबाई ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"राख," तैस्तो म्हणाला.